नदी, रूळ आणि रस्ता : बेळगाव–निपाणीकडील मराठी गद्याविषयी

‘सीमाभागातील साहित्य’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत रूढ होऊन बरीच वर्षे लोटली. बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड या बाजूचा एखादा लेखक परीक्षणासाठी हाती आला म्हणजे परीक्षक बहुधा दोन गोष्टी पाहतो. एक, त्याच्या लेखनात सीमाप्रश्नाची वेदना उमटली आहे किंवा नाही. आणि दुसरी, त्याच्या भाषेत कानडी शब्द किती आले आहेत. पहिलीवरून लेखकाची निष्ठा ठरते, दुसरीवरून त्याचा ‘प्रादेशिक रंग’. हा दोष दुसऱ्यांच्या पदरी घालून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. आम्हीही अशी परीक्षणे लिहिली आहेत. परंतु त्या बाजूचे गद्य सलग वाचू लागल्यावर ही दोन्ही मापे अपुरी पडतात, असा आमचा अनुभव आहे. या गद्याची घडण ज्या गोष्टीने केली तिचे नाव या दोन्हींत येत नाही. ती गोष्ट म्हणजे या मुलुखातील जाण्यायेण्याची रीत. माणसे कोणत्या वाटेने आली, कोठे उतरली, कोठे अडली आणि कोठे परतली, हे ठाऊक असल्यावाचून येथील कथा नीट वाचता येत नाही, असे आम्हांस वाटते.

ही सवय जडली कशी, हेही सांगितले पाहिजे. १९४६ साली बेळगावास ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे संमत झाला. साहित्यिकांच्या व्यासपीठावरून राजकीय मागणी इतक्या स्पष्ट शब्दांत मांडली गेली, तेव्हापासून बेळगाव म्हटले की आपणांस ठराव आठवतो. त्या ठरावाविषयी आमच्या मनात आदर आहे. पण ठरावाच्या भिंगातून कथा वाचू नये, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

प्रथम नकाशा पाहावा. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी, घटप्रभा, मार्कंडेय या साऱ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. आंबोलीकडून निघालेली हिरण्यकेशी आजरे, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे घेत घटप्रभेत शिरते. ताम्रपर्णी आणि मार्कंडेयही तिलाच मिळतात आणि अखेर घटप्रभाही कृष्णेत विलीन होते. म्हणजे वरच्या अंगाला मराठी बोलणारे पाणी खालच्या अंगाला कानडी बोलू लागते, आणि ते नेमके कोणत्या घाटावर, हे कोणासही सांगता येणार नाही. याउलट येथील रस्ता आणि रेल्वे उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. प्रत्येक नदी त्यांना आडवी येते. जेथे आडवी येते तेथे उतार असे, नाव असे. मग पूल झाला. पुलापाशी नाका, चहाची टपरी, बाजार आणि शेवटी गाव. या मुलुखातील कित्येक वस्त्यांचा हाच वंशवृक्ष आहे.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला जी सीमा आखली गेली, ती बहुतेक ठिकाणी तालुक्यांच्या जुन्या हद्दींवरून गेली. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड, रणजित देसाईंचे गाव, त्या दिवशी जागचे न हलता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पुण्या-बेंगळूरच्या रस्त्यावर मात्र नदीनेच सीमेचे काम पत्करले आहे. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका येतो. आंदोलनाच्या काळात पुढारी अडविले जातात ते याच ठिकाणी. पूल हा जोडण्यासाठी बांधतात, पण वर्तमानपत्रांच्या पानांवर हा पूल नेहमी अडविण्यासाठीच दिसतो.

नदीवर मनापासून लिहिणारा या भागातला लेखक म्हणजे काका कालेलकर. साताऱ्यास जन्मलेल्या काकांचे बालपण पुष्कळसे बेळगावच्या परिसरात गेले आणि बेळगुंदी हे त्यांचे गाव. बेळगुंदीजवळून वाहणाऱ्या मार्कंडेय नदीवर त्यांनी जो लेख लिहिला त्यात त्यांनी तिला सखी मानले आहे. देशातल्या मोठमोठ्या नद्यांना त्यांनी ‘लोकमाता’ म्हटले. ही एक लहानशी नदी तेवढी बरोबरीची. हे नाते फार बोलके आहे. ज्या नदीवर नाव चालत नाही, जिच्या काठी मोठे तीर्थ नाही, जी उन्हाळ्यात पायांनी ओलांडता येते, ती आई होऊ शकत नाही, खेळगडीच होते. परंतु हा लेख मूळ गुजरातीत आहे. मराठी घरातील, कानडी शेजारातील हा मुलगा पुढे साबरमतीस गेला आणि आपल्या गावच्या ओढ्याएवढ्या नदीविषयी त्याने तिसऱ्याच भाषेत लिहिले. मराठी वाङ्मयेतिहासाने या लेखाची म्हणावी तशी दखल घेतली नाही, कारण तो ‘आपला’ नाही. गुजरातीत त्याचे कौतुक झाले, पण तेथल्या वाचकाला मार्कंडेय कोठे वाहते याच्याशी कर्तव्य नव्हते. सीमेवरच्या लेखकाचे हे खरे दुखणे आहे. त्याला दोन घरे असतात आणि दोहोंकडे तो पाहुणा असतो.

आता रेल्वेकडे वळू. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर दक्षिण महाराष्ट्रात लोहमार्ग नेण्याची निकड सरकारास पटली. १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकात बेळगावास गाडी आली. हा मार्ग बेळगावहून सरळ उत्तरेस, हमरस्त्याच्या सोबतीने, निपाणी-कोल्हापूरकडे गेला नाही. तो पूर्वेकडे वळला : गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, तेथे कृष्णा ओलांडून उगार, शेडबाळ आणि मग मिरज. यांतील काही स्थानकांच्या नावांत ‘रोड’ हा शब्द आहे, तो मोठा प्रामाणिक आहे. गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथे आहे, असा त्याचा अर्थ. निपाणीला तर असला ‘रोड’देखील लाभला नाही. तंबाखूच्या व्यापाराने गजबजलेली ही पेठ रेल्वेच्या कक्षेबाहेर राहिली आणि सर्वस्वी रस्त्याच्या हवाली झाली. बेळगाव रुळांचे गाव झाले, निपाणी चाकांचे. आमच्या मते या दोन गावांच्या गद्यातील अंतर येथून सुरू होते.

बेळगावच्या लोकांच्या तोंडी रेल्वे किती बसली आहे, हे परगावच्या माणसास पत्ता विचारतानाच समजते. टिळकवाडीत पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे रेल्वे गेट ही भागांचीच नावे आहेत. रुळांच्या एका अंगाला जुने शहर, किल्ला आणि छावणी. दुसऱ्या अंगाला पुढे वाढलेली नोकरदारांची वस्ती. शेजारचे शहापूर तर सांगली संस्थानाचे. एका शहरात ब्रिटिश मुलूख, संस्थानी मुलूख आणि लष्करी मुलूख असे तीन अंमल नांदत होते आणि गाडीची शिटी तिन्हींकडे सारखी ऐकू जात होती. कचेरी, शाळा, न्यायालय आणि लष्करी हिशेबखाते यांतील नोकऱ्यांसाठी जी पांढरपेशी कुटुंबे या मार्गावर विखुरली, त्यांच्या घरात एक सोय हळूहळू रूढ झाली : बदलीच्या गावी बापाने राहावे, आणि शिक्षणासाठी मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावे.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांचा पाया ही सोय आहे. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर आलेले ‘झुंबर’ (२००४) या चार पुस्तकांतून आजी-आजोबांच्या घरी वाढणारा एक मुलगा बोलतो. आईवडील आणि भावंडे दुसऱ्या गावी. या कथांचे कौतुक आजवर झाले ते त्यांतील बालमनाच्या निरागसतेबद्दल आणि भाषेच्या लडिवाळपणाबद्दल. ते योग्यच आहे. तथापि त्यात एक गोष्ट सुटते. लंपनचा वियोग हा अनाथाचा वियोग नव्हे. आई हयात आहे, माया पुरेपूर आहे, अंतर तेवढे आहे. आणि ते अंतर सुटीत कापता येण्याजोगे आहे. गाठता येणारे पण रोज न गाठता येणारे असे हे अंतर पायवाटेच्या जगात संभवत नाही. पायवाटेच्या जगात माणूस एक तर घरात असतो, नाहीतर परागंदा. सुटीत जाण्याचे, पुन्हा परत येण्याचे, मधल्या महिन्यांत मनाशी बोलत राहण्याचे हे जे दुःख आहे ते वेळापत्रकाच्या युगातले दुःख आहे. संतांच्या वाक्याची ठेवणही तशीच आहे. मुलगा बोलता बोलता थांबतो, आकडे वाढवून सांगतो, स्वतःशीच खुलासे करीत बसतो. ऐकणारे माणूस समोर नसल्याची जाणीव त्या सगळ्या बोलण्यात आहे.

या कथांतील कानडीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. शालेय टिपांमध्ये तिला ‘स्थानिक बोलीतील शब्द’ म्हणून निकालात काढतात. हे चूक आहे. लंपनच्या जगात कानडी ही दुसरी, पूर्ण भाषा आहे. घरी एक भाषा आणि दारात दुसरी, असे त्या मुलाचे रोजचे चालते. त्याला त्यात कोडे काही नाही. कोडे पडते ते परक्या वाचकाला. एका भाषेला बोली ठरवून कंसात अर्थ दिला की वाचकाचे काम सोपे होते, पण मुलाच्या मनात दोन खोल्या होत्या, त्यांतली एक बुजविली जाते.

संत व्यवसायाने भूशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांची नोकरी कऱ्हाडास झाली. खडकांचे थर वाचणाऱ्या माणसाने आपले लहानपण थराथराने उकलावे, यात नवल नाही. त्यांच्या मातुःश्री इंदिराबाई संत यांचे उदाहरण मात्र आमच्या मुद्द्याला थोडे आडवे येते, म्हणून ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. निपाणीजवळच्या, घाटातील तवंदीत त्यांचे बालपण गेले आणि पुढचे सारे आयुष्य बेळगावात. ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४) हे संग्रह सीमालढ्याच्या ऐन धामधुमीच्या वर्षांतले. त्या कवितेत लढा नाही, आणि रस्ता वा रूळही नाहीत. अंगण आहे, पाऊस आहे, संध्याकाळ आहे आणि १९४६ साली ओढवलेल्या वैधव्याचे एकलेपण आहे. भावकविता आपली वाट गावाच्या नकाशावरून काढीत नाही, असे म्हणून आम्ही हा अपवाद मान्य करतो. पण जे तिला सीमाभागाची कवयित्री म्हणून सत्कारतात, त्यांनी तरी या अपवादाचा विचार करावयास हवा होता.

रेल्वेने मराठी गद्याला आणखी एक देणगी दिली. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे तेथली जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली त्यांनी कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड या स्थानकाजवळच्या माळावर नेला. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली आणि १९२० साली तेथूनच ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागले. मागाहून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. पुण्या-मुंबईच्या बाहेर, केवळ स्थानक जवळ आहे म्हणून उभ्या राहिलेल्या वसाहतीतून एक पिढी घडविणारी मासिके निघाली. त्यांतील गद्याचा नेटकेपणा, उपयुक्ततेची ओढ आणि ठरल्या दिवशी अंक देण्याची शिस्त यांत त्या गाडीचा वाटा असला पाहिजे.

संगीताने तर या मार्गाचा उपयोग साहित्यापेक्षाही मोकळेपणाने केला. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची गायकी सवाई गंधर्वांच्या द्वारे कुंदगोळ-हुबळीपर्यंत पसरली. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि गदगचे भीमसेन जोशी यांना मराठी श्रोत्याने कधी परके मानले नाही. स्वराला मिरजेत गाडी बदलावी लागली नाही. शब्दाला मात्र लागली. आणि प्रवाशांनाही, कारण पुणे–मिरज मार्ग १९७१ साली रुंद झाला आणि मिरजेच्या दक्षिणेचा मार्ग १९९० नंतरच्या दशकापर्यंत मीटर गेजच राहिला. तेवढी वर्षे सामान डोक्यावर घेऊन फलाट ओलांडणाऱ्या माणसांना राज्याची सीमा मिरजेतच असल्यासारखे वाटत असल्यास आश्चर्य नाही.

निपाणीकडे येताना भाषेचा वेग बदलतो. रस्ता हा रेल्वेसारखा वक्तशीर नसतो. तो जागोजागी थांबतो, कोणालाही उचलतो, कोणालाही उतरवितो. रणजित देसाईंच्या ‘बारी’ (१९५९) या कादंबरीत या रस्त्याचे पूर्वरूप दिसते. बारी म्हणजे खिंड. जंगलाच्या आणि वाटेच्या आधाराने जगणारा बेरड समाज नव्या काळाच्या रेट्याखाली कसा विस्कटतो, याची ही कहाणी. देसाईंची पुढची कीर्ती ‘स्वामी’ने एवढी व्यापली की ‘बारी’ मागे पडली. आम्हांस ती त्यांच्या कादंबऱ्यांत अधिक सच्ची वाटते. वर्णनांत लेखकाची रम्यतेची आवड अधूनमधून डोके काढते आणि दारिद्र्यावरही चांदणे पडते, हे खरे. तरीही वाट ही उपजीविका असते, वाट बदलली की जात बदलते, हे मराठी कादंबरीत इतके उघड फारसे कोणी सांगितले नव्हते.

महादेव मोरे यांचे जग या वाटेच्या पुढच्या टप्प्यावरचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्यांनी टॅक्सी चालविली, पुढे निपाणीत पिठाची गिरणी चालविली आणि त्या पिठात बसून आयुष्यभर लिहिले. ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजातले मिस्त्री, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, देवाला सोडलेल्या मुली, हमाल, फिरते विक्रेते : ही त्यांची माणसे. ती रस्त्यावर भेटतात आणि रस्त्यावरच सुटतात. मोऱ्यांच्या कथेला पुष्कळदा शेवट नसतो, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. शेवट असावा कसा? गाडी पुढे गेली की उतरलेल्या माणसाचे काय झाले, हे ड्रायव्हरला कळत नाही. संतांच्या कथेत माणूस एकाच घरात राहून दूरच्याची वाट पाहतो. मोऱ्यांच्या कथेत सारेच दूरचे असतात आणि क्षणभर जवळ येतात. एकाच जिल्ह्यातले, जवळजवळ एकाच वयाचे हे दोन लेखक. दोघांचीही भाषा कानडीने भिजलेली. बोलीच्या मापाने मोजले तर ते एका वर्गात बसतील. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये रूळ आणि डांबर यांच्याएवढे अंतर आहे.

मोऱ्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांचा तपशील अनेकदा कथेला दडपतो आणि फार लिहिण्याने काही पात्रे एकमेकांची नक्कल होतात. साक्षेपी संपादक लाभता तर त्यांतली निवडक पंधरा-वीस कथा मराठीतल्या उत्तम कथांशेजारी बसत्या. पण त्यांना ग्रामीण कथाकार म्हणून जे कोपऱ्यात बसविले गेले, ते त्यांच्या दोषांमुळे नव्हे. ते ग्रामीण नव्हतेच. शेत, पाटील, जत्रा हे त्यांचे केंद्र नाही. नाका हे केंद्र आहे. नाक्याला आपल्या समीक्षेत खाना नाही.

निपाणीचा हा रस्ता इतिहासातही एकदा फार मोठ्याने बोलला. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर येऊन बसले, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. वखारींतील स्त्रियांच्या हालांवर अनिल अवचटांनीही लिहिले. या दोन्ही प्रसंगी पीडणारा आणि पीडित यांच्यामध्ये राज्याची सीमा नव्हती; तंबाखू पिकविणारा मराठीही होता, कानडीही होता. ‘सीमाभागाचे दुःख’ एकाच ठशात पाहणाऱ्या वाचकाला हे लेखन अवघड जाते ते यासाठी.

येथे कोणी म्हणेल की हा नुसता भौगोलिक नियतिवाद झाला. रूळ पडले म्हणून लंपन जन्मला, असे कसे म्हणता येईल? तसे आमचे म्हणणे नाही. लोंढा हेही मोठे जंक्शन आहे आणि तेथून एखादा लंपन निघाल्याचे ऐकिवात नाही. वाट लेखक निर्माण करीत नाही. ती त्याला अंतराचे एक परिमाण देते. त्याचे काय करावयाचे हे त्याच्या प्रतिभेवर. समीक्षकाने मात्र ते परिमाण ओळखले पाहिजे. एरव्ही लांबी मोजण्याच्या पट्टीने वजन करण्यासारखे होते.

आणि मग कानडी बाजूचा प्रश्न येतो, जो आपण सोयीने टाळतो. घटप्रभेच्याच खोऱ्यातले, गोकाक तालुक्यातले बसवराज कट्टीमनी (१९१९–१९८९) हे कन्नडमधील महत्त्वाचे कादंबरीकार. जी नदी देसाईंच्या कोवाडावरून जाते, तिचेच पाणी पुढे त्यांच्या मुलुखात गेलेले. सीमाभागाच्या वाङ्मयावर मराठीत जे लेख होतात, त्यांत कट्टीमनींचे नाव शोधावे लागते. तिकडच्या लेखांत मोऱ्यांचे नाव यापेक्षा सहज सापडत असेल असे मानण्याचे कारण नाही. वादाचा निकाल २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो कोणताही लागो, तोवर एकमेकांची पुस्तके वाचण्यास कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही.

अध्यापकांपुरते सांगावयाचे तर एक ठिकाण आमच्या डोळ्यांपुढे आहे. निपाणी शहर कर्नाटकात. पण त्याला लागूनच असलेल्या अर्जुननगरातले देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. निपाणीतला विद्यार्थी सकाळी राज्य ओलांडून वर्गात बसतो आणि दुपारी जेवायला आपल्या राज्यात परत जातो. अशा वर्गात लंपनची एखादी कथा आणि मोऱ्यांची एखादी कथा लागोपाठ लावावी, आणि कानडी शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिण्याचे काम शिक्षकाने करू नये. ते विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी उठून सांगेल. त्यानंतर दोन्ही कथांतली माणसे कोठून आली आणि कशाने आली, एवढाच प्रश्न विचारावा. त्यांच्यापैकी पुष्कळांचे वडील अजूनही त्याच हमरस्त्यावर उपजीविका करीत असतील.